पाठ असलेलं उत्तर

(रेडिओवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

परभणीला माझ्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. दोन मशिनी, कापड बेतायचं एक लांब टेबल आणि भिंतीतल्या फळीवर रेडिओ. त्या रेडिओला अब्बांनी स्वतः शिवलेली खोळ होती. बातम्यांची वेळ झाली की खोळ निघायची आणि बातम्या संपल्या की पुन्हा चढायची. १९८४ च्या एप्रिलमध्ये मी आठवीत होतो. परीक्षा तोंडावर आलेली आणि मी काजं-बटणं करायच्या निमित्तानं दुकानात बसून अभ्यास टाळत होतो. आमच्या ओळखीत कुणाकडे टीव्ही नव्हता. त्यामुळे भारताचा एक माणूस अंतराळात गेल्याचं मी पाहिलं नाही, ऐकलं.

स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो? आणि त्यांनी इक्बालच्या ‘तराना-ए-हिंदी’ची पहिली ओळ म्हटली. बातम्यांत हे सांगितलं तेव्हा अब्बांनी मशीन थांबवली. कापड सुईखाली तसंच. म्हणाले, “अरे, ये तो हम इस्कूल में बोलते थे.”

ती ओळ आज सगळ्यांना माहीत आहे. इतकी, की राकेश शर्मा म्हटलं की लोकांना तेवढं एक वाक्यच आठवतं. कवीला खरं तर याचा आनंद व्हायला हवा. एका ओळीनं अख्खा माणूस झाकला जाणं ही कवितेची केवढी ताकद! पण मला त्या ओळीआधीच्या आणि नंतरच्या माणसाबद्दल बोलायचं आहे. ती ओळ त्याच्या तोंडून इतक्या सहज का आली, हे त्याशिवाय कळत नाही.

शर्मांचा जन्म १३ जानेवारी १९४९ चा, पतियाळाचा. वाढले मात्र हैदराबादेत. सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल, नंतर निजाम कॉलेज. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना हैदराबाद परकं नाही. १९५६ पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो. अब्बांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून झालेलं. हैदराबादच्या रस्त्यावर उर्दू, तेलुगू, मराठी, दखनी सगळं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालायचं. पंजाबी घरातला मुलगा अशा शहरात वाढला. शाळेत राष्ट्रगीतानंतर रोज इक्बालचा तराना म्हणायचो, असं शर्मांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. रोज म्हणजे किती वेळा झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

१२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पृथ्वीला फेरी मारून आला, तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. गागारिन हवाई दलातला लढाऊ वैमानिक. सुरुवातीचे अंतराळवीर बहुतेक वैमानिकच का, असं मला लहानपणी वाटायचं. कारण साधं आहे. जोराच्या वळणात शरीराचं वजन चार-पाच पटींनी वाढलं तरी हात जागेवर ठेवणं, डोकं शांत ठेवणं, आणि घाबरल्यावरही काय दिसतंय ते मोजक्या शब्दांत कळवणं, ही त्यांची रोजची सवय. तरीही शर्मांचं स्वप्न अंतराळाचं नव्हतं, विमानाचं होतं. भारतातून अंतराळात जायची वाटच नव्हती, तर स्वप्न कशाचं बघणार?

१९६६ साली ते पुण्याजवळ खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. १९७० मध्ये हवाई दलात वैमानिक झाले. दीड वर्षात बांगलादेशाचं युद्ध सुरू झालं, आणि वयाची तेवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत या तरुणानं मिग-२१ मधून २१ लढाऊ उड्डाणं केली. मी या आकड्यापाशी नेहमी थांबतो. एकवीस वेळा निघायचं आणि एकवीस वेळा परत यायचं. माझ्या बाविसाव्या वर्षी मी बी.ए.चा निकाल घेऊन नोकरीसाठी अर्ज टाइप करून घेत होतो.

युद्धानंतर ते चाचणी वैमानिक झाले. हे काम सिनेमात दाखवतात तसं नसतं. नवं किंवा दुरुस्त केलेलं विमान वर न्यायचं, ते कागदावर लिहिल्याप्रमाणे वागतं की नाही ते बघायचं, नाही वागलं तर नेमकं कुठे नाही ते खाली येऊन लिहायचं. यात धाडस आहेच, पण त्याहून जास्त कारकुनी आहे. “विमान थरथरलं” असं लिहून चालत नाही. किती उंचीवर, किती वेगाला, किती सेकंद, हे लिहावं लागतं. कवितेत आम्ही नेमकं उलटं करतो, ते असो.

१९८२ मध्ये सोव्हिएत संघाच्या इंटरकॉसमॉस कार्यक्रमात भारताच्या वैमानिकाला जागा मिळाली आणि दोघांची निवड झाली. विंग कमांडर रवीश मल्होत्रा आणि स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. निवडीच्या वेळी शर्मांना बेंगळुरूला हवाई दलाच्या एका खोलीत ७२ तास कोंडून ठेवलं होतं. बंद जागेची भीती मनात कुठे दडली आहे का, ते तपासायला. नंतर दोघं मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत गेले. तिथे सगळं शिक्षण रशियनमधून. म्हणजे आधी भाषा शिकायची, मग त्या भाषेत यान शिकायचं. धोक्याच्या घंटेचा अर्थ मनात भाषांतर करायला वेळ नसतो, त्यामुळे भाषा अशी यावी लागते की विचारच तिच्यात व्हावा. मी घरात दखनी बोलतो आणि लिहितो मराठीत, तेव्हा हे प्रकरण मला जरा कळतं.

मल्होत्रांबद्दल थोडं बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोघांचं प्रशिक्षण सारखं. तीच गरगर फिरवणारी यंत्रं, तीच बर्फातली आणि पाण्यातली सुटकेची तालीम, तीच पुस्तकं. मल्होत्रा हुद्द्यानं आणि वयानंही मोठे. जायचं एकानं. दुसऱ्यानं उड्डाणाच्या दिवसापर्यंत तितकंच तयार राहायचं, आणि पहिला नीट वर गेला की आपली तयारी उतरवून ठेवायची. मल्होत्रांना कीर्तिचक्र मिळालं. पण शाळेच्या पुस्तकात नाव एकाचंच येतं. सामन्यात बारावा खेळाडू असतो, त्याला पाणी घेऊन मैदानात तरी जाता येतं.

शर्मांच्या सोबत जाणारे दोघं म्हणजे कमांडर युरी मालिशेव आणि अभियंता गेनादी स्त्रेकालोव. या स्त्रेकालोवची गोष्ट ऐका. २६ सप्टेंबर १९८३ ला तो आणि व्लादिमिर तितोव बैकानूरच्या तळावर यानात बसलेले असताना उड्डाणाआधीच खाली रॉकेटनं पेट घेतला. सुटकेच्या यंत्रणेनं त्यांची कुपी रॉकेटपासून ओढून काढली आणि काही सेकंदांत खाली रॉकेटचा स्फोट झाला. कुपी काही किलोमीटरवर छत्रीनं उतरली. दोघंही वाचले. त्या घटनेनंतर जेमतेम सहा महिन्यांनी तोच स्त्रेकालोव त्याच बैकानूरला, तशाच रॉकेटवर, आपल्या शर्मांच्या शेजारी बसला. रॉकेट पेटतं तेव्हा काय होतं, हे तिथे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! आणि हे सगळं शर्मांनाही माहीत होतंच की.

३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ निघालं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी ते साल्युत-७ या स्थानकाला जोडलं गेलं. तिथे किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर अत्कोव हे तिघं फेब्रुवारीपासून मुक्कामाला होते. म्हणजे आता घरात सहा माणसं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न प्रयोगशाळेनं शिरा, पुलाव, छोले असं बांधून दिलं होतं. पाहुण्याघरी जाताना आपल्याकडे डबा नेतातच!

तिथला आठवडा कामाचा होता. वजनरहित अवस्थेत रक्त आणि पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजल्यासारखा होतो, नाक चोंदतं, काहींना मळमळतं. योगासनांनी यात काही फरक पडतो का, हे शर्मांनी स्वतःवर करून पाहिलं. आसन करायचं तर टेकायला जमीनच नाही, म्हणून पट्ट्यांनी स्वतःला बांधून घ्यावं लागे. हृदयाच्या तपासण्या झाल्या. धातूंवर प्रयोग झाले. आणि मोठं काम म्हणजे भारताची छायाचित्रं. जंगलं, नद्या, हिमालयातला बर्फ, किनारे, आणि कुठे काय खनिज सापडेल याचा अंदाज. स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं. म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो. आम्ही कवी एका सूर्योदयावर आयुष्य काढतो, तिकडे बघता बघता सोळा होतात. आणि भारत खिडकीखालून जायला किती वेळ? काही मिनिटं. तेवढ्यात फोटो काढून घ्यायचे.

अशा एका दिवशी तो प्रश्न आला. इंदिराबाई दिल्लीत, शर्मा वर, आणि सगळा देश ऐकतोय. आता विचार करा. हा माणूस चाचणी वैमानिक. त्याला प्रश्न विचारला की उंची, वेग, वेळ सांगायची सवय. तो म्हणू शकला असता की हिमालय पांढरा दिसतो, वाळवंट पिवळं दिसतं, समुद्र निळा दिसतो. खरंच तसं दिसतंही. पण त्याच्या तोंडून आली ती शाळेतली ओळ. त्यात काही आव आणलेला नव्हता, ती रोज म्हटलेली ओळ होती म्हणून आठवली, अशा अर्थाचं ते पुढे बोलले आहेत. मला ते पटतं. विचार करून दिलेलं उत्तर इतकं टिकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात मराठीच्या सरांनी विचारलं, ही कविता पूर्ण कुणाला येते? मी उभा राहिलो. अब्बांनी घरी पाठ करून घेतलेली. मी म्हटली, सरांनी पाठ थोपटली आणि मी ताठ मानेनं बसलो. मधल्या सुट्टीत एक मित्र म्हणाला, “तुला येणारच, तुमचीच आहे ती.” तो वाईट मुलगा नव्हता. कौतुकानंच म्हणाला. पण “तुमचीच” हा शब्द माझ्या खिशात राहिला. सकाळी ती ओळ सगळ्या देशाची होती, दुपारी ती एका गल्लीची झाली.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका कविसंमेलनानंतर चहा पिताना एका गृहस्थांनी विषय काढला. म्हणाले, “शर्मांनी ओळ म्हटली ठीक आहे, पण तो कवी शेवटी पाकिस्तानात गेलाच ना?” मी म्हटलं, साहेब, इक्बाल १९३८ मध्ये लाहोरला वारले. तेव्हा पाकिस्तान झालंच नव्हतं. ते कुठे गेले नाहीत, देशच त्यांच्या कबरीखालून सरकला. हे खरं, की १९०४ चा तो तराना लिहिणाऱ्या इक्बालनं पुढे १९१० मध्ये ‘तराना-ए-मिल्ली’ लिहिला आणि त्याच्या मनातली वतनाची व्याख्या बदलली. ते मी लपवत नाही. मलाही तो बदल बोचतो. पाकिस्तानानं त्याला राष्ट्रकवी मानलं. पण कवी पुढे जातो तेव्हा मागे लिहिलेल्या ओळी त्याच्याबरोबर जात नाहीत. त्या ज्यांना पाठ असतात त्यांच्याकडे राहतात. या तराण्याला पंडित रविशंकरांनी १९४५ च्या सुमाराला इप्टासाठी चाल दिली, आणि दिल्लीत २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीटच्या शेवटी लष्कराचे बँड तीच धून वाजवत परत जातात. फौजेतल्या माणसाच्या कानात ती शाळेनंतरही वाजत राहते ती अशी. त्या गृहस्थांनी चहा संपवला, वाद घातला नाही. पटलं की कंटाळा आला, मला कळलं नाही.

११ एप्रिलला शर्मा परत आले. सात दिवस आणि एकवीस तासांच्या वर अंतराळात राहून. परतताना सोयुझची कुपी हवेच्या घर्षणानं तापून लाल होते, मग छत्री उघडते, आणि जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी खालची छोटी रॉकेटं पेटून धक्का कमी करतात. कझाकस्तानच्या मोकळ्या मैदानात ते उतरले. अशोकचक्र मिळालं, सोव्हिएत संघाचा वीर हा किताब मिळाला. मालिशेव आणि स्त्रेकालोवलाही भारतानं अशोकचक्र दिलं. मग मिरवणुका, शाळा, भाषणं, सह्या. लोक विचारायचे, वर देव भेटला का? ते सांगायचे, नाही भेटला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिराबाईंची हत्या झाली. प्रश्न विचारणारी व्यक्ती सात महिन्यांच्या आत गेली.

आणि मग हा माणूस कामावर परत गेला. मला त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात आवडतं. १९८७ मध्ये हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त होऊन ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेले, आणि कुठे, तर आपल्या नाशिकजवळ ओझरला, मुख्य चाचणी वैमानिक म्हणून. १९९२ पर्यंत तिथे होते, मग बेंगळुरूला. ओझरला मिग विमानं तयार होत. अंतराळात जाऊन आलेला माणूस निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांवरून मिग उडवून बघत होता, आणि खालच्या शेतकऱ्याला वर कोण आहे याचा पत्ताही नसेल. तिथेच एकदा चाचणी करताना मिग-२१ सोडून त्यांना बाहेर उडी घ्यावी लागली. थोडक्यात वाचले. युद्धातून आणि अंतराळातून नीट आलेला माणूस ओझरपाशी जाता जाता राहिला. पुढे उड्डाण थांबवल्यावर त्यांनी निलगिरीत कुन्नूरला घर केलं.

त्याच सोव्हिएत कार्यक्रमातून गेलेले आणखी दोन वैमानिक मला शर्मांच्या सोबत नेहमी आठवतात. सीरियाचे मुहम्मद फारिस १९८७ मध्ये ‘मीर’ स्थानकावर गेले, तर अफगाणिस्तानचे अब्दुल अहद मोमंद १९८८ मध्ये. मोमंद परत येताना यान उतरवण्याचा प्रयत्न फसला आणि त्यांना एक दिवस कक्षेतच अडकून राहावं लागलं. दोघंही आपापल्या देशाचे पहिले. दोघांच्याही मिरवणुका निघाल्या. मोमंदना नंतर जर्मनीत आसरा घ्यावा लागला. फारिस यादवी युद्धात राजवटीच्या विरोधात गेले, २०१२ मध्ये तुर्कस्तानात निर्वासित झाले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथेच वारले. वरून त्यांनीही आपापला देश पाहिला होता. खाली आल्यावर काही वर्षांनी तो त्यांच्या पायाखाली राहिला नाही. शर्मा कुन्नूरच्या डोंगरात बागकाम करू शकले, यात त्यांच्या कर्तबगारीबरोबर देशाचाही वाटा आहे. अशा गोष्टी आपल्याला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

शर्मांनंतर भारताच्या दुसऱ्या माणसाला एकेचाळीस वर्षं लागली. २५ जून २०२५ ला ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अमेरिकेतून निघाले आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. तेही लढाऊ वैमानिक, तेही चाचणी वैमानिक, तेही खडकवासल्याचे. त्यांचा जन्म १९८५ चा, म्हणजे शर्मा जाऊन आल्यानंतरचा. त्यांच्यासोबत एक पोलंडचा आणि एक हंगेरीचा अंतराळवीर होता. त्या दोन देशांचेही पहिले अंतराळवीर हेर्माशेव्स्की आणि फार्कश, दोघंही लढाऊ वैमानिक, दोघंही इंटरकॉसमॉसमधून गेलेले. तीन देश आणि तिघांचीही इतकी वर्षं थांबलेली रांग एकदमच पुढे सरकली. पंतप्रधान नरेंद्र मोदी शुक्लांशी बोलले, तेव्हा ते म्हणाले की नकाशात दिसतो त्याहून भारत खूप मोठा, भव्य दिसतो आणि वरून सीमारेषा दिसत नाहीत. चांगलं उत्तर होतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

अब्बा आता नाहीत. दुकान धाकटा भाऊ चालवतो. शिवणकाम थोडं, जास्त करून तयार कपडे लहान-मोठे करून द्यायचे. रेडिओ फळीवरच आहे, खोळीसकट. शुक्लांचं यान निघालं तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजले होते आणि मी दुकानातच होतो. भावाकडे काम शिकणाऱ्या पोरानं मोबाइल सुताच्या रिळाला टेकवून उभा केला आणि आम्ही तिघं बघत बसलो. यान वर गेलं, ठिपका झालं. पोरगं म्हणालं, “चाचा, पहिला कोण गेला होता?” मी नाव सांगितलं. “त्यानं वरून काय सांगितलं?” मी ती ओळ म्हटली.

त्यानं मोबाइल खिशात घातला, पुढची ओळ म्हटली, आणि समोरच्या शर्टाची उसवलेली बाही हातात घेतली.